मोरीपलीकडची विभूती

थोर विभूतींचा सहवास पूर्वसंचिताशिवाय लाभत नाही, असं म्हणतात. मला तो डोंबिवलीत जवळजवळ वर्षभर, अष्टौप्रहर लाभला. विभूती आणि मी यांच्यामध्ये एका विटेच्या जाडीची भिंत होती. भिंतीच्या पलीकडे विभूती होती आणि अलीकडे आमची मोरी.

मराठीत विभूती या शब्दाचे दोन अर्थ होतात. एक म्हणजे फार मोठा माणूस, आणि दुसरा म्हणजे कपाळाला लावायची राख. एरवी या दोन अर्थांची गाठ सहसा पडत नाही. आमच्या चाळीत ती एका तसबिरीत पडली, आणि तिथे तिसराही एक अर्थ होता हे मला शाळेत शास्त्र शिकवत असल्यामुळे माहीत होतं. चाळीला तो नको होता.

चाळ बैठी होती, पुढे विहीर, मागे भातशेती. मालक आगरी. वडिलांनी जिथे भात लावलं तिथे यांनी बिऱ्हाडं लावली, आणि दुसरं पीक फार कुरकुर करतं असं ते म्हणत. माझे वडील ठाण्याच्या कचेरीत कारकून होते. मी वनस्पतिशास्त्राची पदवी घेऊन कल्याणला मुलींच्या शाळेत शिकवत होते. त्या पदवीचा घरात उपयोग म्हणाल तर आई भाजी निवडायला मला बसवायची. "शिकलीयस ना पालापाचोळ्याचं? मग ही चुक्याची जुडी घे."

आमच्या शेजारची, म्हणजे रांगेतली शेवटची खोली एका पेन्शनरांची. मी त्यांना आणि त्यांच्या पत्नीला काका-काकू म्हणत असे. काका कुठल्याशा खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालेलं नव्हतं. ते बोलत नसत, शेरा मारत. विहिरीवर कुणी आधी घागर लावायची यावरही त्यांनी एकदा निर्णय देऊन ठेवला होता आणि पुढे त्याचा दाखला ते स्वतःच देत.

त्यांच्या स्वयंपाकघरात, आमच्या बाजूच्या भिंतीला, त्यांचे देव होते. देवांच्या वर महाराजांची तसबीर. महाराज म्हणजे त्यांच्या देशावरच्या गावचे एक सत्पुरुष, बरीच वर्षं आधी समाधिस्थ झालेले. तसबीर जाड पुठ्ठ्यावर गव्हाच्या खळीने चिकटवलेली होती. गावाहून येताना तिची काच फुटली. नवी काच बसवून घ्या, असं माझ्या वडिलांनी सुचवलं, तेव्हा काका म्हणाले, "महाराजांच्या आणि आपल्यामध्ये काच कशाला?" मला तेव्हाच वाटलं होतं की काच बरी असते.

त्यानंतर महाराजांना रोज कपाळावर ओलं गंध, ओठांना दूधसाखरेचं बोट आणि गळ्यात हार. हार वाळायच्या आत दुसरा त्याच्यावर. पाठीमागे भिंत, आणि भिंतीच्या मागे आम्ही तिघं आळीपाळीने आंघोळ करणारे. मोरीचा गिलावा कधीच सुटलेला होता. आमच्या अंगावरून गेलेलं पाणी नळीने निम्मंच बाहेर जात असे. उरलेलं निम्मं कुठे जातं याचा आम्ही कधी विचार केला नव्हता.

श्रावणात एका गुरुवारी काकू सकाळी आमच्या दारात आल्या. "वहिनी, चला लवकर. महाराज प्रकट झालेत."

आई पदर सावरत गेली, मागून मी. महाराजांच्या खांद्यांवर, दाढीवर आणि पुठ्ठ्याच्या कडांना राखाडी, किंचित हिरवट अशी मऊ भुकटी आली होती. काका सोवळं नेसून उभे होते. त्यांनी बोट टेकवलं, कपाळाला लावलं, मग आईच्या कपाळाला लावलं. माझ्याकडे बोट आलं तेव्हा मला शिंक आली. शिंक शुभ की अशुभ यावर तिथे लगेच दोन पक्ष पडले.

ती काय आहे हे मला पाहताक्षणी कळलं होतं, कारण तिची आमच्या घरी बरीच ऊठबस होती. पावसाळ्यात तिने वडिलांची कातडी बॅग धरली होती, माझी कोल्हापुरी चप्पल धरली होती, छत्रीची मूठ, पुस्तकांच्या पाठी, डब्यातले उडदाचे पापड आणि आईबाबांच्या लग्नाचा फोटो. फोटोत तिने आधी वडिलांचा फेटा खाल्ला. एवढी सर्वभक्षी आणि एवढी अल्पसंतुष्ट जात मी दुसरी पाहिली नाही. तिचं बी हवेत सगळीकडे असतं, राजवाड्यात आणि रॉकेलच्या दुकानात सारखंच. ते मुक्कामाला जागा शोधत हिंडतं. तिला लागतं काय? थोडी ओल, थोडं पीठ किंवा साखर किंवा कातडं, आणि वारा नको. ऊन तर मुळीच नको. खायला कुणी दिलं आणि कोणत्या हाताने दिलं हे ती विचारत नाही. आमच्या चाळीत सोवळंओवळं न पाळणारी तेवढी एकच होती, आणि नेमकी तिचीच पूजा सुरू झाली.

कॉलेजात मी तिला सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं होतं. एक सरळ देठ, वर गोल डोकं, आणि त्या डोक्यावर चारी बाजूंनी मण्यांच्या माळाच माळा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सत्कार करून घेणाऱ्या संमेलनाध्यक्षाची आठवण झाली होती. तिचं शास्त्रीय नाव अॅस्परजिलस. हे नाव दोनेकशे वर्षांपूर्वी इटलीतल्या एका पाद्र्याने ठेवलं. चर्चमध्ये तीर्थ शिंपडायचं जे उपकरण असतं तशी ती त्याला दिसली, म्हणून. हे मी जेवताना वडिलांना सांगितलं. ते ताक पीत म्हणाले, "म्हणजे मुळातच धार्मिक वळणाची आहे. उगीच काकांना का बोल लावतेस?"

त्या पावसाळ्यापुरतं मी फारसं मनावर घेतलं नाही. वाटलं, नवरात्र संपलं, ऊन तापलं की सगळ्यांच्या चपला कोरड्या होतात तसे महाराजही कोरडे होतील. सगळ्यांच्या चपला झाल्या. पापडांचे डबे गच्चीवर, म्हणजे मालकांच्या गच्चीवर, उन्हात जाऊन आले. दिवाळी झाली. सबंध डोंबिवलीतली बुरशी अंतर्धान पावली, पण महाराजांची विभूती काही खंडित झाली नाही. मार्गशीर्षात तर ती दाट झाली. आमची मोरी काही ऋतू पाहून वाहत नव्हती.

आणि यानेच लोकांची खात्री पटली. पावसाळ्यात येते ती बुरशी, हे चाळीतल्या बायकांनाही कळत होतं. थंडीत येते ती बुरशी कशी असेल? हा युक्तिवाद मला आजही आवडतो. त्यात एकच गोष्ट धरलेली नव्हती, ती म्हणजे आमची आंघोळ.

गुरुवारी कल्याणहून लोक येऊ लागले, मग कळव्याहून, एकदा खडवलीहून बैलगाडी भरून मंडळी स्टेशनवर उतरून आली, म्हणजे गाडी खडवलीलाच सोडली, पण काका सांगताना गाडीसकट सांगत. विभूतीच्या पुड्या बांधल्या जाऊ लागल्या. काकांचा आवाज खाली गेला. मोठा माणूस व्हायला लागला की आवाज खाली जातो.

माझी गोष्ट त्याच भिंतीच्या या बाजूला चालली होती. मला लहानपणापासून दमा. एरवी वर्षाकाठी थोडा त्रास व्हायचा आणि जायचा. त्या वर्षी तो गेला नाही. माझं अंथरूण मोरीजवळ, कारण दुसरी जागा नव्हती. पहाटे उठून बसायचं, गुडघ्यांवर उशी घ्यायची, उशीवर हात, आणि श्वास बाहेर ढकलायचा. लोकांना वाटतं दमेकऱ्याला श्वास घेता येत नाही. घेता येतो, सोडता येत नाही. भिंतीवर माझ्या डोक्याच्या उंचीला हिरवेकाळे डाग होते. त्यांच्याकडे पाहत मी उजाडायची वाट पाहायची.

कल्याणच्या डॉक्टरांनी छाती ऐकली आणि वडिलांना सांगितलं, "एक तर घर कोरडं करा, नाहीतर मुलीला कोरड्या हवेला पाठवा."

कोरडी हवा म्हणजे सिन्नर. तिथे माझा मामा होता. तो संक्रांतीला तिळगूळ घेऊन आला तेव्हा आईने त्याला सगळं सांगितलं. मामा म्हणाला, "पाडवा झाला की घेऊन जातो. हवा कोरडी आहे. आणि तिथे एक स्थळही आहे. बिजवर आहे, पण शेतीवाडी आहे. दम्याचं त्याला चालेल."

"तो कसा आहे?" आईने विचारलं.

वडील वर्तमानपत्राआडून म्हणाले, "कोरडाच असेल."

कुणी हसलं नाही, कारण सगळ्यांना तो मार्ग सोयीचा वाटत होता. माझी शाळेतली नोकरी जाणार, आणि ज्याला माझा दमा चालेल अशा माणसाच्या घरी मी जन्मभर श्वास घेणार. दमा चालवून घेणाऱ्याचे उपकार मला नको होते. मला भिंत कोरडी हवी होती. पाडव्यापर्यंत.

मालकांना मी स्वतः जाऊन सांगितलं. ते आले, मोरीत बसून बोटाने विटा दाबून पाहिल्या. बोट आत गेलं. "भित सारी भिजलीय. दोन्ही अंगानं फोडून सिमेट भरावा लागंल." दुसऱ्या दिवशी ते गवंडी घेऊन आले. गवंड्याच्या हातातली छिन्नी पाहून काका आपल्या दारात आडवे उभे राहिले. मागे काकू, आणि काकूंच्या मागे अर्धी चाळ.

"या भिंतीला हात लागणार नाही," काका म्हणाले.

"काका, भित माजी हाय."

"भिंत तुमची. भिंतीत कोण आहे?"

मालकांनी थोडा विचार केला. "पानी हाय."

मी म्हणाले, "तुमच्या बाजूने नको. आमच्या बाजूने तरी फोडू द्या."

"हातोडा कुठूनही मारलात तरी महाराज हलणार. ही जागृत भिंत आहे."

जागृत देवस्थानं मी ऐकली होती. जागृत भिंत पहिल्यांदाच ऐकत होते. गवंडी मात्र जरा मागे सरकला. मालक जाताना मला हळूच म्हणाले, "बाय, मी देवासंगं नाय भांडत. त्याची मानसा लय, नि ती सगली माजीच भाडेकरू."

त्याच संध्याकाळी काकूंनी माझ्यासाठी पुडी पाठवली. रोज उपाशीपोटी चिमूटभर, महाराजांच्या नावाने, पाण्यातून. आईने पेल्यात कालवूनही आणली.

"मी नाही घेणार."

"चिमूटभराने काय मरशील?"

"आई, जिच्यामुळे धाप लागते तीच आहे ही. भिंतीवरची आणि पेल्यातली एकच."

"मग बरंच की. काट्याने काटा निघेल."

"काटा गिळत नाहीत."

आई पेला घेऊन उभी राहिली. तिचा महाराजांवर विश्वास होता असं मी म्हणणार नाही. तिचा कशावरच फार विश्वास नव्हता, पण काहीच न करणं तिला सोसत नव्हतं. "सगळी चाळ म्हणते पोरगी हट्टी आहे. घे म्हटलं तर घ्यावं. मला सांग, तुला बरं व्हायचंच नाहीये का?"

हे मला लागलं. मी पेला घेतला आणि मोरीत ओतला. पुढे बऱ्याच वर्षांनी मला जाणवलं की तीही एका अर्थी महाराजांचीच सेवा झाली.

मग मी शिक्षिकेने करावं ते केलं. पुडीतली विभूती ओल्या भाकरीच्या चतकोरावर चिमूटभर टाकली आणि वर काचेचं भांडं पालथं घातलं. माझ्या जुन्या चपलेवर पाणी शिंपडून तिच्यावरही चिमूटभर टाकली, आणि ती टोपलीखाली झाकली. विभूती जर राख असेल तर ती आहे तेवढीच राहील. बुरशी असेल तर वाढेल. शाळेतल्या मुलींना मी हाच प्रयोग पावावर दाखवायची, आणि त्यांना तो कळायचा. मोठ्यांनाही कळेल असं मी धरून चालले.

दोन्ही पिकं उत्तम आली. गुरुवारी आरती संपता संपता मी ताट घेऊन काकांच्या स्वयंपाकघरात गेले. दारापर्यंत लोक होते. ताटात भाकरी, वर रुमाल. चप्पल पदराखाली.

"काका, तुमच्याकडची विभूती मी या भाकरीवर टाकली होती," मी म्हणाले आणि रुमाल काढला. भाकरी दिसत नव्हती, तिच्यावर राखाडी हिरवी मखमल चढली होती. "राख पेरली तर उगवते का?"

पुढची माणसं भाकरी पाहायला वाकली. मला वाटलं, जमलं.

काका पुढे झाले. त्यांनी ताटाला हात लावून तो डोळ्यांना लावला. खालच्या आवाजात म्हणाले, "चिमटीची परडी झाली. अन्नात प्रकटले महाराज."

त्यानंतर मला ताट धरून उभं राहण्याखेरीज काम उरलं नाही. कल्याणच्या एका गृहस्थांनी कण घेतला, मग त्यांच्या पत्नीने, मग रांगच लागली. माझा पुरावा माझ्यासमोर खाल्ला गेला. त्यातल्या कुणालाही पुढे काही झालं नाही, हे मला आजही थोडं खटकतं.

भाकरी संपल्यावर मी चप्पल काढली आणि रिकाम्या ताटात ठेवली. ती अंगठ्यापासून टाचेपर्यंत भरून आली होती, भाकरीपेक्षा सरस.

"इथेही प्रकटलेत," मी म्हणाले.

एका म्हाताऱ्या बाईंनी हात जोडलेसुद्धा. "पादुका आहेत का गं?"

"नाही आजी. माझी चप्पल आहे. शाळेत जायची."

आजींनी जोडलेले हात पदराला पुसले. काकू सगळ्यांत आधी भानावर आल्या. "अगं, देवापुढे वहाण? बाईमाणसाची? काढ आधी ती."

"काकू, भाकरी चालते आणि चप्पल चालत नाही, हे तिला कुणी सांगायचं? तिला दोन्ही सारखंच."

"तुला कळायला हवं ना. बुरशीला अक्कल नसते."

त्यांच्या तोंडून शब्द निघून गेला होता. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. काकू नैवेद्याची वाटी उचलून चुलीकडे गेल्या.

पण काका हेडक्लार्क होते, हातचं प्रकरण सोडणारे नव्हते. दुसऱ्या दिवशी विहिरीवर त्यांनी मला गाठलं. "बुरशी म्हणतेस ना? मान्य. पेनिसिलीन कशाचं करतात?"

"बुरशीचं."

"आता आपल्याकडे कारखानासुद्धा निघाला, पेपरात आलंय. त्याने माणसं वाचतात ना? मग महाराजांनी बुरशीच्या रूपाने औषध दिलं असेल, तर तुझं शास्त्र कुठे आडवं येतं?"

ती बुरशी वेगळ्या जातीची, असं मी म्हणाले. तुझी जात वेगळी आणि माझी वेगळी, हे म्हणायचे दिवस गेले, असं ते म्हणाले आणि घागर भरून निघून गेले. हा मुद्दा त्यांना माझ्याच बाजूच्या लोकांनी पुरवला होता, याचं मला जास्त वाईट वाटलं.

चाळीने आम्हाला हळदीकुंकवाचं बोलावणं बंद केलं. आई दोन दिवस भांडी आपटत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "चप्पल तरी नवी न्यायचीस."

पहाटे पुन्हा उशी घेऊन बसले असताना भिंतीकडे पाहता पाहता माझ्या लक्षात आलं की मी चुकीच्या ठिकाणी भांडत होते. मला त्यांची श्रद्धा घालवायची नव्हतीच, मला ओल घालवायची होती. भिंत जागृत होती, मोरी नव्हती. मोरीवर कुणाचा हक्क? आमचा. पाणी ओतायचं की नाही हे आम्ही ठरवायचं. जिला वाढायला आमचं पाणी लागतं तिच्याशी वाद घालण्याऐवजी तिचं पाणी तोडता येत होतं, आणि त्याला कुणाच्या परवानगीची गरज नव्हती. एवढं मला पदवी असून सुचायला इतके महिने लागले.

चहा पिताना मी जाहीर केलं, "आजपासून मोरीत पाणी नाही. आंघोळ मागच्या अंगणात."

वडिलांनी कप खाली ठेवला. "माघ आहे."

"पाडव्याला मामा येणार आहे."

त्यांनी चहा संपवला. मग उठले, मालकांकडून भाताची रिकामी गोणपाटं मागून आणली आणि मागच्या अंगणात बांबूंना बांधून आडोसा केला. पहिली आंघोळ त्यांनीच केली. आतून त्यांचा नेहमीचा स्तोत्रपाठ ऐकू आला, फक्त लय दुप्पट होती.

आईचा विरोध आंघोळीला नव्हता, गोणपाटाला होता. "नातेवाइकांनी पाहिलं तर म्हणतील, यांनी घरदार विकलं." भांडी आम्ही विहिरीवर नेऊन घासू लागलो, तांदळाचं धुवण झाडांना घालू लागलो. मोरीत मी कोळशाची शेगडी पेटवून ठेवी. गोणपाटांवरून चाळीत भरपूर बोललं गेलं. शेजारची मुलं आम्हाला 'गोणीतले' म्हणत. मी त्यांना सांगितलं, आम्ही गोणीतले आहोतच, तुम्ही पोत्यातले व्हा.

फाल्गुनात भिंतीचा रंग बदलला. आधी वरून, मग हळूहळू खालपर्यंत. मला धाप लागायची, पण उशी घेऊन बसावं लागेनासं झालं. होळीच्या सुमारास मी एकदा सरळ सकाळपर्यंत झोपले, तर आई मला उठवायला घाबरली.

पलीकडे महाराजांची दाढी स्वच्छ झाली होती. काकांनी उपास धरले. हार दुप्पट घातले. दूधसाखरेचं बोट होतं, खळ होती, सगळा पाहुणचार होता, पण पाहुणी गेली होती. चैत्रात महाराजांचा उत्सव असे, आणि ठाण्या-कल्याणची मोठी मोठी माणसं विभूती पाहायला यायची ठरली होती. एक निवृत्त न्यायाधीश येणार होते. काकांचा आवाज पुन्हा वर आला.

पाडवा झाला आणि मामा मला न्यायला आला. तो ओसरीवर चहा पीत असताना काका आले. अंगात कोट होता. आमच्याकडे ते कोट घालून कधी आले नव्हते. वडिलांनी खुर्ची दिली. ते बसले, मामाशी देशावरच्या पावसापाण्याचं बोलले, मग घसा साफ केला.

"एक विनंती आहे. आपण सध्या बाहेर आंघोळ करता. थंडीवाऱ्याचं बरं नाही ते. पूर्वीसारखी मोरीतच करावी."

"आता ऊन तापतंय काका, थंडी कुठली?" मी म्हणाले.

"उत्सवापुरती तरी. आणि थोडं सढळ हाताने. महाराजांची तशी इच्छा दिसते."

मामाने बशी खाली ठेवली. तो शेतकरी माणूस, पाण्याचा विषय निघाला की कान टवकारणारा. "महाराजांची इच्छा, की ह्यांनी आंघोळ करावी?"

"तसं सरळ नाही म्हणता येणार."

"पाणी मुरलं की पलीकडे उगवतं, असंच ना?" मामा म्हणाला. "आणि पोरीला धाप लागते ती त्यानंच?"

काका कोटाचं बटण लावू लागले. वडिलांनी त्यांच्यापुढे पानाचं तबक सरकवलं. ते नमतील की काय अशी मला भीती वाटली. शेजारधर्म हा त्यांचा मोठा दोष होता, आणि न्यायाधीश येणार म्हटल्यावर त्यांच्यातला कारकून उठून उभा राहायचा.

मी म्हणाले, "काका, मोरी सुरू करते. आजच करते. आधी भिंतीला आमच्या बाजूने सिमेंटचा गिलावा होऊ द्या. मग म्हणाल तितकं पाणी ओतते, चाळीला बोलावून ओतते."

"मग त्याचा उपयोग काय?"

"मला श्वास घेता येईल."

"आमचा उत्सव?"

"तुमचे महाराज समर्थ आहेत. त्यांना माझ्या आंघोळीचं पाणी लागत असेल, तर मग मला अंगारा कशाला देत होतात? मीच दिला असता तुम्हाला."

आई आतून "अगं," एवढंच म्हणाली. पण तिने मला आत बोलावलं नाही.

काका उठले. दाराशी थांबून म्हणाले, "गिलाव्याला आमची हरकत नाही. फक्त उत्सव झाल्यावर." तो त्यांनी मारलेला शेवटचा शेरा, आणि मंजूर केलेला पहिला अर्ज.

मामाने माझ्याकडे पाहिलं. "येतेस ना सिन्नरला?"

"नाही."

"त्या बिजवराला काय सांगू?"

"सांग, तिचं घर कोरडं झालं."

मामा दुसऱ्या दिवशी एकटाच गेला. उत्सव विभूतीशिवाय झाला. न्यायाधीशांनी तसबिरीपुढे हात जोडले, पन्हं घेतलं आणि विभूतीबद्दल काहीच विचारलं नाही. त्यांना बहुधा कुणी सांगितलंच नव्हतं. वैशाखात मालकांचा गवंडी आला. हातोडा बसला तेव्हा महाराज थोडे हलले, काकूंनी धरून ठेवले. आमच्या मोरीला नवा सिमेंटचा गिलावा झाला, तळाला उतार काढला, आणि पाणी बाहेर जायला मोठी नळी बसली. माझा दमा पूर्ण गेला नाही, तो जात नसतो. पण मी शाळेत जात राहिले, आणि मुलींना पावाचा प्रयोग दरवर्षी दाखवत राहिले.

पुढच्या आषाढात काकांनी महाराजांची तसबीर आमच्या भिंतीवरून उतरवून समोरच्या भिंतीवर, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या मोरीच्या वर नेली. स्वतः तिथे दिवसातून दोनदा आंघोळ करू लागले. महाराजांसमोर आंघोळ करणं काकूंना प्रशस्त वाटेना, म्हणून त्या आमच्या मोरीत यायला लागल्या.